द्विनेत्रीतून नक्षत्रे

मराठी घरात सत्तावीस नक्षत्रांची नावे कोणाला शिकवावी लागत नाहीत. बारशाच्या वेळी नावाचे आद्याक्षर नक्षत्राच्या चरणावरून काढले जाते. पेरणीची बोलणी मृगावर होतात, आर्द्रा कोरडी गेली की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडते. मुलगी उपवर झाली की तिच्या शिक्षणाच्या आधी तिच्या जन्मनक्षत्राची चौकशी होते. दिनदर्शिकेच्या प्रत्येक चौकटीत त्या दिवसाचे नक्षत्र छापलेले असते. मात्र नित्य वाचनात येणारे तेच नक्षत्र रात्री आकाशात बोट करून दाखवा म्हटले, तर घरातील वडीलधारी माणसेही घुटमळतात.

ही ओळख करून घेण्याची सोय आपल्या पूर्वजांनी महिन्यांच्या नावांतच करून ठेवली आहे. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो, त्याचे नाव महिन्याला मिळाले. कृत्तिकांवरून कार्तिक, मृगशीर्षावरून मार्गशीर्ष, पुष्यावरून पौष, मघांवरून माघ. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून सूर्य पश्चिमेला मावळत असता महिन्याचे नक्षत्र पूर्वेला उगवत असते. कार्तिकात काळोख पडताच पूर्वेकडे पाहावे, तो कृत्तिकांचा पुंजका वर येत असतो. पावसाचे मृग मात्र निराळे. तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, त्यामुळे ज्या दिवसांत मृगाचे नाव सर्वांच्या तोंडी असते, नेमक्या त्याच दिवसांत ते आकाशात दिसू शकत नाही.

नक्षत्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, हे खरे. परंतु त्यांच्या पोटात काय दडले आहे, ते पाहण्यास थोडे साहाय्य लागते. येथे बहुतेक हौशी माणसे एक घाई करतात. नातवाच्या वाढदिवसाला खेळण्यांच्या दुकानातून तिपाईवरची दुर्बीण येते. तिच्या खोक्यावर शेकडो पटींचे वर्धन छापलेले असते. पहिल्या रात्री तीत काही सापडत नाही, दुसऱ्या रात्री तिपाई थरथरते आणि महिन्याभरात ती माळ्यावर जाते. त्याच किमतीत किंवा थोडी भर घालून चांगली द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, मिळते. ती दोन्ही डोळ्यांनी पाहू देते, चित्र सुलटे दाखवते आणि आकाशाचा मोठा तुकडा एका वेळी समोर आणते. नवख्याला वर्धनापेक्षा हा रुंद तुकडा अधिक उपयोगी पडतो, कारण त्यात तो वाट चुकत नाही.

द्विनेत्रीवर ७×५० किंवा १०×५० असे आकडे असतात. पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यांशी येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ७×५० मध्ये ती सुमारे ७ मिलिमीटर, १०×५० मध्ये ५. अंधारात तरुणाच्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीनंतर ती ५ च्या आसपासच थांबते. म्हणजे आजोबांनी ७×५० घेतली, तर भिंगाने गोळा केलेल्या प्रकाशातील जवळजवळ निम्मा हिस्सा बाहुलीबाहेर सांडतो. पैसे मोजून घेतलेला प्रकाश असा वाया का घालवावा? ज्येष्ठांनी १०×५० घ्यावी, नातवंडांनाही ती चालते. पाच मिलिमीटरच्या बाहुलीऐवजी पन्नास मिलिमीटरचे भिंग प्रकाश गोळा करू लागले की हिशेब शंभर पटीचा होतो. वर्धन कमीजास्त करणारी 'झूम' जातीची द्विनेत्री मात्र टाळावी.

घेताना दुकानाबाहेर येऊन दूरच्या खांबाकडे किंवा मनोऱ्याकडे पाहावे. चित्र दुहेरी दिसले किंवा डोळ्यांवर ताण आला, तर आतील लोलक जागेवर नाहीत असे समजून ती परत करावी. आधी उजवे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करावे, मग डावे झाकून उजव्या नेत्रभिंगाचे कडे फिरवावे. चष्मा केवळ जवळच्या वा दूरच्या नंबराचा असेल, तर तो काढून ठेवला तरी चालते. तिरका नंबर असेल, तर तो ठेवावा आणि रबरी कडा दुमडून घ्याव्यात. दहा पट वर्धनात हाताचा कंपही दहा पट होतो. म्हणून उभ्याने न पाहता हातांच्या खुर्चीत बसून कोपरे टेकवावीत. डोक्यावरचे पाहायचे असेल, तर गच्चीवर सतरंजी अंथरून सरळ आडवे व्हावे. डोळ्यांना अंधार अंगवळणी पडण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. मधेच कोणी मोबाईल उजळला की ही मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांना तर ही वेळ आयतीच मोकळी असते. एक गोष्ट मुलांना कठोरपणे बजावावी : द्विनेत्रीतून सूर्याकडे कदापि पाहू नये. क्षणभराच्या कुतूहलाने दृष्टी कायमची जाऊ शकते.

एवढ्याशा साधनाने खरोखर काही हाती लागते का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. इंग्लंडमधील पीटरबरो येथील जॉर्ज अल्कॉक हे पेशाने शाळामास्तर होते. त्यांनी हजारो ताऱ्यांच्या जागा तोंडपाठ केल्या होत्या, आणि द्विनेत्रीच्या बळावर पाच धूमकेतू व पाच नवतारे शोधले. १९८३ च्या मे महिन्यात सापडलेला एक धूमकेतू तर त्यांना घरात बसून, बंद खिडकीच्या काचेतून दिसला. त्यांची द्विनेत्री अधिक मोठी होती, १५×८० ची. पण १९९१ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी शेवटचा नवतारा शोधला तो साध्या १०×५० नेच.

आता वारणानगरच्या आकाशाविषयी. माळावर सहकारातून उभ्या राहिलेल्या या गावाला साखर कारखाना, दूध संघ, शाळा-महाविद्यालये यांनी समृद्धी दिली, आणि समृद्धीबरोबर दिवेही आले. दक्षिणेच्या क्षितिजावर कोल्हापूरचा उजेड चढलेला असतो. त्यातच आकाशाचा उत्तम हंगाम आणि उसाचा गळीत हंगाम एकाच वेळी येतात. कार्तिकात ढग जातात, हवा स्वच्छ होते, आणि त्याच सुमारास धुराडे पेटते. तोडणी झालेल्या फडांत पाचट जाळले जाऊ लागते आणि संध्याकाळी शिवारावर धुराचा थर पसरतो. पाचट शेतातच कुजवावे, हा शेतीतज्ज्ञांचा सल्ला जमिनीसाठी असला, तरी आकाश पाहणाऱ्यालाही तो मानवणारा आहे. रात्री दहानंतर धूर बराच बसतो. अंधाराच्या शोधात फडाकडे जाण्याचे साहस मात्र करू नये. साप-विंचवाचे भय असते, शिवाय या पट्ट्यात बिबट्याचीही चर्चा असतेच. आपली गच्ची बरी. रस्त्याच्या दिव्याच्या बाजूला जुने चादर-पोते टांगले तरी पुष्कळ फरक पडतो.

कार्तिकात आरंभ कृत्तिकांपासून करावा. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, द्विनेत्रीत तेथे काही डझन निळसर-पांढरे तारे लखलखतात. त्यांचा प्रकाश सुमारे ४४० वर्षांपूर्वी निघालेला आहे, शिवरायांच्या जन्माच्याही आधी. थोडे खाली रोहिणीचा शकट, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. त्यातील तांबूस रोहिणी त्या गाड्यात बसलेली दिसते, पण ती प्रत्यक्षात त्या कुटुंबातील नव्हे. शकटाचे इतर तारे सुमारे १५० प्रकाशवर्षांवर आहेत, तर रोहिणी ६५ वर. ज्यांची पासष्टी आली आहे, त्यांनी ती अवश्य पाहावी. त्यांच्या जन्माच्या सुमारास तेथून निघालेला प्रकाश आता त्यांच्या डोळ्यांत उतरत असतो.

मार्गशीर्षात मृगाच्या पोटातील तीन ताऱ्यांच्या बाणाखाली जी अंधुक रेघ लोंबते, तिच्या मध्यभागी धुके साचल्यासारखे दिसेल. तो तेजोमेघ. तेथे आजही नवे तारे जन्मत आहेत. पौष-माघात पुष्य पाहावे. शुभ म्हणून या नक्षत्राची एवढी ख्याती, परंतु गावाच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना ते जवळजवळ रिकामेच वाटते. द्विनेत्री लावली की त्या रिकाम्या जागी ताऱ्यांचे मोहोळ उघडते. गॅलिलिओने १६१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात याच पुंजक्यात चाळीसहून अधिक तारे दिसल्याचे नमूद केले आहे. गुरूचे चार मोठे उपग्रहही द्विनेत्री स्थिर धरली तर टिपता येतात. शनीची कडी मात्र दहा पटींत दिसत नाहीत, तेव्हा मुलांना उगाच आशा लावू नये. चंद्र पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या सुमारास पाहावा, उजेड-अंधाराच्या सीमेवर त्याची विवरे उठून दिसतात.

आणि मग मूळ नक्षत्र. या नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. ज्येष्ठा थोरल्या दिराला, आश्लेषा सासूला, अशी इतरांचीही वाटणी झालेली आहे. पदवीधर मुलगी, निर्व्यसनी घर, दोन्हीकडची पसंती, आणि पत्रिका हाती येताच 'कळवतो' म्हणून निघून गेलेली मंडळी, हा अनुभव कितीतरी आईबापांनी मुकाट्याने गिळला आहे. काही जण पत्रिकाच बदलून घेतात. त्यात मुलीच्या मनाला काय वाटत असेल, याचा विचार फारसा कोणी करत नाही.

हे नक्षत्र म्हणजे वृश्चिकाच्या नांगीकडील ताऱ्यांचा झुबका. नांगीच्या किंचित डावीकडे द्विनेत्री नेली, तर एकाच दृष्टिक्षेपात दोन तारकागुच्छ येतात. त्यांतील मोठ्याची नोंद दुसऱ्या शतकात टॉलेमीने केली होती. तो सुमारे १००० प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे आज दिसणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा कोल्हापूर-पन्हाळ्याच्या मुलखावर शिलाहारांचे राज्य होते. धाकटा सुमारे १६०० प्रकाशवर्षांवर, आणि त्याचे तारे पंख पसरलेल्या फुलपाखरासारखे मांडलेले आहेत. पाठीमागे आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग. सबंध आकाशात द्विनेत्रीसाठी याहून संपन्न प्रदेश क्वचितच असेल. लंडनहून तो मोठा गुच्छ क्षितिजापासून जेमतेम तीन-चार अंश वर येतो. वारणानगर सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने येथून तो ३८ अंशांपर्यंत चढतो. ज्यासाठी युरोपातील हौशी निरीक्षक दक्षिणेचा प्रवास करतात, ते येथे घरच्या गच्चीवरून दिसते, आणि त्यालाच आपण अशुभ म्हणून बसलो आहोत.

एक हजार वर्षांपूर्वी तेथून निघालेल्या प्रकाशाला एखाद्या मुलीचे भावी सासरे कसे ठाऊक असणार? हा प्रश्न केवळ तर्काचा राहिलेला नाही. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या जन्मवेळा जमवून पत्रिका तयार केल्या. त्यांतील चाळीस-चाळीस पत्रिका ज्योतिषांकडे दिल्या आणि कोणती कोणाची ते विचारले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे दिली, आणि त्यांतील बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवले असते, तर निम्मी उत्तरे बरोबर आली असती. हा निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चाचणी मूळ नक्षत्राची नव्हती, हे खरे. परंतु ज्या पत्रिकेतून हुशारी आणि अक्षमता यांसारखा ठळक भेद ओळखता आला नाही, तिच्यातील एका नक्षत्रावरून ठरत आलेले लग्न मोडणे कितपत शहाणपणाचे, याचा हिशेब वरपक्षाने मांडावा.

मूळ पाहण्याचे तीन काळ आहेत. आश्विनात पाऊस सरला की संध्याकाळी सात-सव्वासातला ते नैर्ऋत्येला असते. फाल्गुनात पहाटे पाचच्या सुमारास आग्नेयेला दिसते, आणि तेव्हा गावातील बरेच दिवे मालवलेले व धूर बसलेला असतो. वैशाखाच्या अखेरीस ते रात्री अकरानंतर चांगले वर येते, मात्र तोवर वळवाचे ढग जमू लागतात. चंद्राचा अडथळा नको म्हणून अमावास्येच्या मागचे-पुढचे चार-पाच दिवस निवडावेत. सोबत एक साधी वही ठेवावी, तिथी, वेळ, जागा आणि काय दिसले एवढेच लिहावे. फाल्गुनातील पहाट सर्वांत चांगली. लेकीला आदल्या रात्रीच सांगून ठेवावे, गजर साडेचारचा लावावा, आणि पुढची वीस मिनिटे गच्चीवरचा दिवा लावू नये.