क्षमा आणि फिर्याद

कुंटणखान्यातून सुटून आलेली मुलगी न्यायालयाची पायरी चढू पाहते, तेव्हा तिला मागे ओढणारे हात बहुधा आप्तांचेच असतात. ‘सुटलीस ना? देवाचे आभार मान, झाले गेले विसर, क्षमा कर.’ हा उपदेश करताना प्रभू ख्रिस्ताचे नाव घेतले जाते, हे मला असह्य होते.

चारीमाया तामांग हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? नेपाळातील सिंधुपाल्चोक जिल्ह्याची ही मुलगी १९९४ साली, वयाच्या १६ व्या वर्षी मुंबईत विकली गेली. २२ महिने तिने त्या नरकात काढले. फेब्रुवारी १९९६ मध्ये पोलिसांनी मुंबईत धाडी घातल्या. सुटलेल्यांत २०० च्या आसपास नेपाळी मुली होत्या. त्यांच्या सरकारने त्यांना परत घेण्यास टाळाटाळ केली. अखेर तेथील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन त्यांना मायदेशी नेले, तर समाजाने पाठ फिरविली. अशा स्थितीत चारीमायाने आपल्याला विकणाऱ्यांविरुद्ध स्वतः फिर्याद गुदरली. नेपाळात असे धाडस करणारी ती पहिलीच. १९९७ साली जिल्हा न्यायालयाने ८ जणांना दोषी ठरविले.

आठ जण! हेरणारा, गोड बोलून सोबत करणारा, सरहद्द ओलांडून देणारा, पैसे मोजून घेणारा, अशी ही साखळी असते. फिर्यादीवाचून ती तुटत नाही. चारीमायाने मौन धरले असते, तर त्या मौनाची किंमत पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणाच्या लेकीने मोजली असती.

पण क्षमेचे काय, असे भाविक विचारतील. १३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या अली आगजाला त्यांनी अंतःकरणपूर्वक क्षमा केली. १९८३ साली तुरुंगात जाऊन ते त्याला भेटले. म्हणून काही खटला रद्द झाला नाही! आगजाला जन्मठेप झाली होती. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली ती २००० साली. पोपमहोदयांच्या क्षमेला तुरुंगाची अडचण झाली नाही. गरीब मुलीच्या क्षमेला मात्र आरोपी मोकळा लागतो, हा कुठला न्याय? आपल्या प्रायश्चित्त संस्कारातही चोरलेली वस्तू परत केल्यावाचून भागत नाही.

८ फेब्रुवारीला आपण संत जोसेफिन बखिताची मध्यस्थी मागतो. ही सुदानी मुलगी लहानपणीच गुलाम म्हणून विकली गेली होती. मालकीण तिला व्हेनिसहून परत न्यावयास आली, तेव्हा बखिताने ठाम नकार दिला, प्रकरण न्यायालयात गेले आणि २९ नोव्हेंबर १८८९ रोजी ती स्वतंत्र असल्याचा निर्णय झाला. आपल्या प्रवचनांत (माझ्या धर्मगुरू बंधूंनी रागावू नये) तिची सोशिकता पुष्कळ येते, तो निर्णय क्वचितच येतो.

मुंबई उच्च न्यायालयाला २००२ साली आदेश द्यावा लागला, की कुंटणखान्याच्या मालकाचा वकील त्याच प्रकरणात सोडविलेल्या मुलीचा वकील होऊ शकत नाही. म्हणजे तोवर काय चालत होते, याची कल्पना करावी. मुलीच्या बाजूला उभे राहायला दुसरे कुणी नव्हते, म्हणून तो माणूस उभा राहत होता. आपल्या धर्मग्रामांत वकील आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत, धर्मभगिनी आहेत. तारखेच्या दिवशी तिच्याशेजारच्या बाकावर कोण बसणार?