गृहचिंतन : आल्याचा स्कोन आणि मळणारा हात

परकीय पदार्थाचे नाव कानी पडताच आपल्या घरांत दोन पक्ष होतात. एक म्हणतो, 'हे आपले नव्हे'. दुसरा म्हणतो, 'यास भट्टी हवी, तेव्हा बाजारातूनच आणावे.' या दोहोंच्या मध्ये घरातील मुलीची हौस मात्र विझते. आल्याच्या स्कोनपुरते तरी हे दोन्ही आक्षेप टिकत नाहीत, असे आमचे मत आहे.

स्कोन मूळचा स्कॉटलंडचा. तो देश थंड, जमीन पुष्कळ ठिकाणी हलकी. सामान्य जनांचे धान्य ओट व जव. त्यांच्या पिठाची जाड चानकी लोखंडी तव्यावर भाजावी आणि तिचे चार तुकडे करून खावे, हा तेथील जुना प्रघात. खाण्याचा सोडा व बेकिंग पावडर या वस्तू एकोणिसाव्या शतकात प्रचारात आल्या (अल्फ्रेड बर्ड या इंग्रज गृहस्थाने आपली पावडर १८४३ साली सिद्ध केली), तेव्हा तीच चानकी फुगू लागली व पुढे भट्टीत गेली. सारांश, स्कोन ही आमच्या सोलापुरी भाकरीची दूरदेशी दिलेली बहीणच म्हणावयाची.

आता आले. इंग्रजी 'जिंजर' या शब्दाचा माग काढीत लॅटिन व ग्रीक भाषांतून मागे गेल्यास आपण पालीतील 'सिंगिवेर' व संस्कृतातील 'शृंगवेर' येथे पोहोचतो. शिंगासारखे दिसते म्हणून शृंगवेर, अशी जुनी व्युत्पत्ती. अर्वाचीन पंडित त्याचे मूळ द्राविडी भाषांत शोधतात. अमरकोशाने तर सुंठीस 'विश्वभेषज' व 'महौषध' म्हटले आहे. तेव्हा या पदार्थातील निम्मे नाव आपलेच आहे. परकेपणाचा आक्षेप येथेच सैल पडतो.

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती आपल्या हातात आहे. ज्वारीच्या पिठास गव्हासारखा चिकटा नसतो. म्हणून आधणाचे पाणी घालून ते परातीत तळहाताने रगडावे लागते. तेव्हा कोठे भाकरी थापताना चिरत नाही. लहानपणापासून 'नीट मळ, अजून मळ' हेच ऐकलेला हात स्कोनच्या पिठासही तसाच भिडतो. परंतु गव्हाचे पीठ ओले करून मळू लागताच चिकट तंतूंचे जाळे होते. पोळीस ते हवे. स्कोन मात्र त्यामुळे चामट होतो. भाकरीचा गुण तो येथे दोष ठरतो.

कृती अशी. दीडशे ग्रॅम मैदा व शंभर ग्रॅम कणीक एकत्र चाळून त्यात सपाट अर्धा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ व अर्धा चमचा सुंठपूड मिसळावी. पन्नास ग्रॅम गार लोणी बोटांच्या टोकांनी पिठात चुरावे. तळहात लावू नये, कारण त्याच्या उष्णतेने लोणी वितळते. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे काम पहाटेच उरकावे. नंतर आलेपाकाच्या चार-पाच वड्यांचे बारीक तुकडे घालावे. विलायतेत साखरेत मुरविलेले आले घालतात. आलेपाक त्याची जागा उत्तम घेतो. शिजल्याने आल्याचा तिखटपणा सौम्य होतो व वाळल्याने वाढतो. म्हणून वडी आणि सुंठ दोन्ही असावी.

मग सुमारे दीडशे मिलिलिटर दाट, आंबट ताक लागेल तसे घालून पीठ केवळ गोळा होईतो एकत्र करावे. ताकातील आंबटपणा व सोडा यांची गाठ पडताच वायू सुटू लागतो. तो निसटण्यापूर्वी भाजणे सुरू झाले पाहिजे. दीड सेंटिमीटर जाडीची चकती हलकेच थापून तिचे सहा त्रिकोण कापावे. जाड तव्यावर पीठ भुरभुरून, झाकण ठेवून, मंद आचेवर प्रत्येक बाजू सहा-सात मिनिटे भाजावी. सुरीचे टोक खुपसून पाहावे. ते कोरडे निघाले म्हणजे झाले. यात अंडे नाही, तेव्हा सोवळ्या स्वभावाच्या वडीलधाऱ्यांसही संकोच नको.

भट्टीचा आक्षेपही मग उरत नाही. आमच्या कुंभारीच्या माळावर विडी कामगार भगिनींसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत २००६ साली झाली. रे नगरातील पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. अशा किती घरांत भट्टी सापडेल? तवा मात्र प्रत्येक चुलीवर आहे. जो पदार्थ तव्यावर होतो तो कोणा एका वर्गाचा राहत नाही.

शेवटी मातांस एक विनंती. मुलगी स्कोन करू लागली म्हणजे 'अजून मळ' असे म्हणू नका. काही पिठे रगडल्याने एकजीव होतात, काही त्यानेच बिघडतात. कोणते कोणत्या जातीचे हे ओळखणे हीच खरी सुगरणकी. पुष्कळ वर्षे मुलांस शिकविल्यावर आम्ही एवढे खात्रीने सांगू शकतो की, ही गोष्ट पिठापुरतीच खरी नाही.