सामाईक टेबलाचे मोल

मुंबईत जेवावे कुठे, असे कुणी विचारले की आपण आता चकचकीत मॉलकडे बोट दाखवितो. ही निवड चवीची नव्हे, प्रतिष्ठेची आहे. धोबीतलावचे कयानी १९०४ पासून आणि माटुंग्याचे रामा नायक यांचे उडुपी १९४२ पासून लोकांना खाऊ घालीत आहे. एकाकडे ब्रून-मस्का, दुसऱ्याकडे केळीच्या पानावर सांबार-भात. शेजारच्या खुर्चीवरील माणसाची जात मात्र कुणीच विचारीत नाही.

‘विहिरीत पाव पडला म्हणून बाटले’ असे ज्यांच्या पूर्वजांना हिणविले गेले, त्या आपणांस या पंगतीचे मोल इतरांनी का सांगावे? तोच पाव आज अवघी मुंबई वड्याबरोबर खाते!

तेथे गर्दी असते, थाट नसतो, अशी तक्रार ऐकू येते. थाट हवा असेल तर तो लग्नात करावा. धोबीतलावचेच बास्तानी २००४ साली बंद पडले. हळहळणे सोपे असते. पण हळहळीवर कुणाची भट्टी पेटत नाही. ती गिऱ्हाइकाच्या पैशावर पेटते. पुढच्या खेपेस मुलांना घेऊन शहरात जाल, तेव्हा अनोळखी माणसाशेजारी बसून चहा घ्या.