टाइलच्या आधी भिंत

लालबाग राजवाड्याचं स्वयंपाकघर नदीपलीकडे, आणि भुयारी वाटेने वाड्याला जोडलेलं. होळकरांना ते जमलं. आपली फोडणी मात्र हातभरावरच्या भिंतीवर उडते. तीस-चाळीस वर्षं उडत राहिली की भिंतीचं काय होतं, ते सध्या लालबागेजवळ राहणाऱ्या भाच्याकडे बघतेय.

टाइल्स पसंत करायला त्याला आणि सूनबाईला तीन रविवार लागले. भिंतीला मात्र एकच दिवस! कारीगर म्हणाला, "काकू, ऑइलपेंटवरच चिकटवून देतो." मी नाही म्हटलं. अशी टाइल भिंतीला धरत नाही, रंगाला धरते. रंग सुटला की त्याच्यासकट खाली, आणि खाली गॅस असतो.

तेव्हा रंग काढायचा. पण मुलंबाळं असलेल्या घरांनी इथे जरा थांबा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत असावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते कितीतरी जास्त असू शकतं. कोरडा सँडपेपर किंवा ग्राइंडर लावला की धूळ घरभर बसते, रांगत्या बाळाची बोटं जमिनीवरून थेट तोंडात. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय होतो, आणि अमुक इतकं चालेल अशी सुरक्षित पातळीच नाही. आमच्या दोन वर्षांच्या नातीची रवानगी आजोळी झाली. खाली प्लास्टिक अंथरलं, भिंत भिजवत भिजवत रंग खरवडला, पोपडे पिशवीत बांधले. झाडू नाही, ओलं फडकं. मास्क कारीगरालाही दिला; तो हसला, पण लावला.

खरवडण्याआधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून चिकटा धुवायचा, मग साध्या पाण्याने दोनदा. रंग निघाला की भिंत बोटाने वाजवत जायचं. पोकळ वाजेल तिथला गिलावा पाडायचाच, दया नको. सिंकच्या मागे पांढरा लोणा फुटलेला दिसला तर तो घासून भागत नाही. पाणी कुठून मुरतंय ते आधी शोधा. आमच्याकडे नळाच्या जोडातून झिरपत होतं.

नवा गिलावा ओळंब्यात हवा आणि त्याला निदान सात दिवस पाणी मारायला हवं, मग नीट सुकू द्यायचा. हाच वेळ सगळ्यांना जड जातो. सिरॅमिक टाइल पाणी पिते, म्हणून सिमेंटवर लावायची तर आधी भिजवतात. व्हिट्रिफाइड जवळजवळ पाणी पीतच नाही, तिला टाइलचा खास मसालाच लागतो. दुकानदाराला आधी हे विचारा, डिझाइन नंतर.

आणि मिक्सर, आरओ, चिमणी यांचे प्लग गिलाव्याआधीच ठरवा. टाइल लागल्यावर इलेक्ट्रिशियन येऊन भिंत कापतो, तेव्हा बघवत नाही.