स्कॅनर म्हातारा होत नाही, ड्रायव्हर होतो

नंदुरबार जिल्हा आणि स्कॅनर म्हटलं की टेंभली आठवतं. २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या या गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, आणि बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं स्कॅन करणं हा प्रकार सगळ्यांना कळला. आज मात्र मला बोलायचंय ते साध्या फ्लॅटबेड स्कॅनरबद्दल. काचेवर कागद पालथा ठेवायचा आणि झाकण लावायचं, तोच तो.

आता तुम्ही म्हणाल, मोबाईल असताना हे धूड कशाला? सांगतो. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. पोराच्या ॲडमिशनसाठी व्हॅलिडिटी काढायची तर आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या नोंदी शोधाव्या लागतात, आणि १९५० च्या आधीची नोंद सापडली तर तिचं वजन फार. ही नोंद असते कुठे? जुन्या जनरल रजिस्टरात. कागद पिवळा, शाई उडालेली, शिवण सुटत आलेली. असा कागद फीडरमध्ये घातला तर फाटणारच. मोबाईलच्या फोटोत सावली पडते, ओळी वाकतात.

गंमत म्हणजे इथे जुना, जाडजूड स्कॅनर नव्यापेक्षा सरस ठरतो. जुन्या मशीनमध्ये बहुधा सीसीडी सेन्सर असतो. शिवणीपाशी पान काचेपासून थोडं उचललं गेलं तरी तो अक्षर टिपतो. हल्लीच्या पातळ, स्वस्त स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर असतो. पान जरा उचललं की अक्षर धूसर!

मग हे स्कॅनर भंगारात का जातात? दिवा लागतो, मोटर फिरते, काच शाबूत असते. मेलेला असतो तो ड्रायव्हर. एक्सपीच्या जमान्यातला ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाही आणि कंपनीला नवा लिहिण्यात रस नसतो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. अनेक जुने पीसी विंडोज ११ घेतच नाहीत. म्हणजे स्कॅनरबरोबर पीसीही बाद.

लिनक्सवर चित्र वेगळं आहे. तिथे १९९० च्या दशकापासून 'सेन' नावाचा प्रकल्प चालू आहे. त्यात स्कॅनरशी बोलणारा भाग वेगळा आणि तुम्हाला दिसणारा प्रोग्रॅम वेगळा. त्यामुळे कंपनीने हात वर केले तरी कोणीतरी लिहिलेला कोड चालत राहतो.

अर्थात सगळं आपोआप होतं असं नाही. आधी सेनच्या यादीत आपलं मॉडेल बघा; काही मॉडेल कधीच चालणार नाहीत, त्यांच्यावर रविवार घालवू नका. काही स्कॅनर, उदाहरणार्थ एप्सन पर्फेक्शन १६७०, बंद केले की आपलं फर्मवेअर विसरतात. ते दर वेळी पीसीनेच द्यावं लागतं, आणि ती फाईल कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये असते. म्हणून जुनी सीडी फेकू नका! आणि स्कॅनर 'सुडो' लावून चालतो, एरवी नाही, असं झालं तर घोळ परवानगीचा आहे, मशीनचा नाही.

एकदा जमलं की तोच पीसी नेटवर्कवर स्कॅनर वाटूनही देतो. एका शाळेला एक पुरे.

माझं म्हणणं एवढंच. आपण पुण्या-मुंबईतली मंडळी गावच्या शाळेला काही द्यायचं म्हटलं की नवी वस्तू विकत घेऊन पाठवतो, फोटो काढतो आणि मोकळे होतो. दोन वर्षांनी तिचाही ड्रायव्हर रुसला की कोणाला विचारायचं? त्यापेक्षा पुढच्या सुट्टीत लिनक्सचा पेनड्राइव्ह घेऊन जा, कपाटावरचा स्कॅनर खाली काढा, आणि शाळेतल्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना शेजारी बसवून सगळं शिकवा. शिकवणं महत्त्वाचं, नाहीतर तुम्ही परत फिरलात की स्कॅनर पुन्हा कपाटावर.

रजिस्टरातला कागद दर पावसाळ्यात थोडा थोडा जातोय. तो आपल्या सवडीसाठी थांबणार नाही.