कुत्र्यालाही शुगर होते

"माणसाला औषध मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्याच्या इंजेक्शनाचं काय घेऊन बसलात, सिस्टर?" महिला मंडळाच्या बैठकीत एका ताईंनी मला तोंडावर विचारले. प्रश्न रास्त आहे, आणि आपल्या समाजात तो जास्तच खोल जातो. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे बिनधास्त पाणी पीत होती. आपल्या माणसांना तिथे ओंजळ भरायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. ज्यांच्या ओसरीवर कुत्रे झोपायचे, त्यांनीच आपल्या आजोबांना अंगणाबाहेर उभे केले. म्हणून कुत्र्याचे लाड म्हटले की आपल्याकडे कपाळाला आठी पडते. ती मला कळते.

पण तळ्यावरची बंदी माणसांनी घातली होती. त्याचा राग मुक्या जनावरावर का काढायचा? खुद्द बाबासाहेबांना कुत्र्यांची आवड होती. फेब्रुवारी 1934 मधला राजगृहातला त्यांच्या कुटुंबाचा फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात माता रमाई आहेत, यशवंतराव आहेत, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव आहेत, आणि बाबासाहेबांचा लाडका टॉबीही आहे. आपण फोटोला वंदन करतो, टॉबीकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

वस्तीत कुत्रा हौसेपेक्षा सवयीने घरात येतो. पोरे पिल्लू उचलून आणतात, आई आधी ओरडते, मग तीच त्याला भाकरी घालते. दोन दिवस तो आजारी पडला तर सगळे हळहळतात. बरा न होणारा आजार जडला की मात्र घरातली माणसे पांगतात. असा एक आजार म्हणजे मधुमेह, आपल्या भाषेत शुगर. मुद्दाम याच आजाराबद्दल लिहिते आहे, कारण घरोघरी कोणाला ना कोणाला शुगर आहे आणि त्यामुळे सगळ्यांना वाटते की आपल्याला यातले कळते. घोटाळा तिथेच होतो.

आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींकडे लाली नावाची आठ वर्षांची कुत्री आहे. ती बादलीत तोंड घालून पाणी प्यायला लागली. रात्री घरात लघवी करू लागली, त्यासाठी तिने मारही खाल्ला. खाणे वाढले होते, पण बरगड्या दिसू लागल्या होत्या. लघवीच्या जागी मुंग्या जमायच्या. कोणी म्हणाले म्हातारी झाली, कोणी म्हणाले नजर लागली. एका शहाण्याने सांगितले की पाणीच कमी द्या, म्हणजे लघवी कमी होईल. हे तर अजिबात करू नका. साखर लघवीवाटे बाहेर पडताना अंगातले पाणी ओढून नेते, म्हणून जनावराला तहान लागते. पाणी तोडले तर ते कोरडे पडून मरेल. पुढे लालीच्या डोळ्यांत पांढरट झाक दिसू लागली. शुगर झालेल्या बहुतेक कुत्र्यांना वर्षभरात मोतीबिंदू होतो. माणसासारखा तो वर्षानुवर्षे थांबत नाही.

मावशींच्या मुलाने आजीची शुगरची गोळी पोळीत घालून तिला चारली होती. हेतू चांगला होता, पण गोळी लागू पडणार नव्हती. आपल्या आजीचे स्वादुपिंड थोडेफार इन्सुलिन तयार करत असते, गोळीने ते पुरवून वापरता येते. कुत्र्यात बहुधा ते तयार होणेच बंद पडलेले असते. त्यामुळे त्याला सुईच लागते, दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने, जेवणानंतर. तीही आयुष्यभर. किती युनिट द्यायचे ते जनावरांचा डॉक्टर रक्त तपासून आणि वजन बघून ठरवतो. शेजारच्या काकांचा डोस कुत्र्याला चालत नाही.

लालीची नसबंदी झालेली नव्हती. कुत्री माजावर आली की तिच्या अंगातले हार्मोन इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून कुत्र्यांपेक्षा कुत्र्यांच्या माद्यांत शुगर जास्त दिसते. तिची नसबंदी केल्याशिवाय साखर ताब्यात येणे अवघड असते. आणखी एक गोष्ट. खाज सुटली की आपण कोणाकडून तरी स्टेरॉइडचे इंजेक्शन टोचून आणतो. खाज लगेच थांबते, पण साखर चढते. त्वचेसाठी डॉक्टरकडे गेलात तर शुगर आहे हे आधी सांगा.

आता सुईची गोष्ट. मी वीस वर्षे हेच काम केले, त्यामुळे इथे जरा थांबते. आपल्याकडे इन्सुलिनची जी साधी बाटली मिळते, तिच्यात एका मिलीला 40 युनिट असतात. तिच्यासाठी लाल टोपीची सिरिंज असते. नारिंगी टोपीची सिरिंज 100 युनिटच्या इन्सुलिनसाठी आहे. दोन्ही दिसायला सारख्याच. 40 ची बाटली घेऊन नारिंगी सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत औषध ओढले तर प्रत्यक्षात 4 च युनिट जातात. उलट 100 चे इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये 10 पर्यंत भरले तर 25 युनिट जातात, आणि दहा-बारा किलोचे कुत्रे तेवढ्याने मरू शकते. दुकानदार देईल ती सिरिंज घेऊ नका, बाटलीवरचा आकडा स्वतः वाचा. दुधाळ इन्सुलिन असेल तर बाटली तळहातात हळू फिरवा, हलवून फेस आणू नका. सुई मानेमागच्या सैल कातडीखाली किंवा कुशीला द्यायची, रोज जागा थोडी बदलायची.

फ्रिज नसेल तर? मातीच्या माठात थोडे पाणी ठेवा, बाटली घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत घालून त्यात ठेवा, वर ओले फडके टाका आणि माठ सावलीत, वारा लागेल तिथे ठेवा. फोडलेली बाटली अशी साधारण महिनाभर चालते. फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा. दहा मिलीच्या बाटलीत 400 युनिट असतात, लहान कुत्र्याला महिन्यात तेवढे लागतच नाहीत, तरी उरले म्हणून पुढे वापरू नका. फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका, गोठलेले इन्सुलिन फुकट जाते.

खाणे रोज त्याच वेळी, तेवढेच. भाकरी, उकडलेले अंडे, बिनकांद्याचे, बिनमसाल्याचे मटण-कोंबडीचे तुकडे चालतात. चहात बुडवलेले बिस्किट बंद. कांदा-लसूण कुत्र्याला तसाही विषारीच. आणि "शुगर-फ्री" लिहिलेले च्युइंगम किंवा गोळी त्याला कधीच देऊ नका. त्यात झायलिटॉल नावाची गोडी असेल तर कुत्र्याची साखर एकदम कोसळते, यकृतही निकामी होते. कुत्र्याने जेवण टाकले तर नेहमीची सुई टोचू नका, आधी डॉक्टरांना विचारा. सुईनंतर ते लटपटायला लागले, थरथरले, गुंगीत गेले तर साखरेचे दाट पाणी किंवा मध हिरड्यांना चोळा. बेशुद्ध असेल तर घशात काही ओतू नका. लगेच दवाखाना गाठा. ओकाऱ्या होऊन मलूल पडले तरी तेच करा.

इथपर्यंत औषधाचे झाले. वाद पुढे आहे.

पहिला वाद आजीच्या इन्सुलिनचा. सरकारी दवाखान्यातून आजीच्या नावावर मिळालेल्या बाटलीतून कुत्र्याला द्यायचे, असे काही घरांत चालते. मला हे मान्य नाही. ती बाटली रांगेतल्या रुग्णाच्या वाट्याची आहे. महिनाअखेरीस ती संपली की आजी दोन-तीन दिवस सुईविना राहते आणि कोणाला सांगत नाही. शिवाय कुत्र्याला टोचलेली सुई परत त्याच बाटलीत गेली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. कुत्र्याची बाटली वेगळी, सुया वेगळ्या, खर्च वेगळा. तो खर्च झेपतो का, हा हिशेब घरातल्या सगळ्यांनी बसून करावा.

दुसरा वाद, सुई देणार कोण? सकाळी सात आणि संध्याकाळी सात, सुट्टी नाही. मी पाहते, चार महिन्यांत हे काम हमखास घरातल्या मुलीच्या गळ्यात पडते. तिची शिकवणी बुडते, सहलीला जाणे बंद होते. पिल्लू आणणारा भाऊ मोबाइल बघत असतो. भाऊ आणि बाप, दोघांनी सुई शिकावी. शिकायला अर्धा तास पुरतो, मी शिकवते.

तिसरी गोष्ट वाद घालण्यासारखी नाही, तरी बोलावी लागते. वापरलेली सुई कचऱ्याच्या पिशवीत टाकायची नाही. ती पिशवी सकाळी उघड्या हातांनी कोण उचलते? आपलीच माणसे. जाड प्लास्टिकच्या बाटलीत सुया साठवा, झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर "सुया" असे लिहा आणि सफाई कामगाराच्या हातात सांगून वेगळी द्या. 2016 च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. जवळचा दवाखाना घेत असेल तर तिथे द्या.

आणि झेपत नसेल तर? काही जण रात्री गाडीवर घालून कुत्र्याला लांबच्या नाक्यावर सोडून येतात. आंधळे, तहानलेले जनावर तिथे तडफडून मरते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात असे सोडून देणे गुन्हा आहे. सगळे उपाय थकले, जनावर हालात आहे आणि डॉक्टरही तसेच सांगत आहेत, तर वेदनारहित मरण देणे मला नाक्यावर सोडण्यापेक्षा प्रामाणिक वाटते. पहिले शील पाळणाऱ्या काहींना हे पटणार नाही. त्यांच्याशी मी भांडणार नाही, फक्त एवढेच म्हणेन की मग त्यांनी त्या कुत्र्याच्या महिन्याच्या बाटलीत वाटा उचलावा.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही जनावरांवर उपचार होतात. अडचण वेळेची आहे. रोजंदारीवरची बाई सकाळी अकराला कुत्रे घेऊन जाऊ शकत नाही, तिचा दिवस बुडतो, आणि रिक्षावालाही आजारी कुत्र्याला बसवत नाही. आठवड्यातून दोन दिवस दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवावा आणि तिथे लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या असाव्यात, अशी मागणी आम्ही आमच्या प्रभागात सह्या करून देणार आहोत. सह्यांचा कागद रविवारी वंदनेनंतर विहारात ठेवलेला असेल.