एकवीस दिवसांचं इंजेक्शन

हृदयविकार म्हटलं की आपल्यासमोर पन्नाशीचा, पोट सुटलेला पुरुष उभा राहतो. तंबाखू सोडा, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवा, रोज चाला, हे त्याला सांगणारे पुष्कळ आहेत, आणि ते सांगायलाच हवं. पण दहा-बारा वर्षांच्या पोरीचं हृदय घसादुखीपायी कामातून जातं, याची आपल्याला लाज वाटते का?

स्ट्रेप्टोकोकस जिवाणूने घसा सुजतो. उपचार झाले नाहीत तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप भरतो; आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट असे सांधे धरत जातात. हा ऱ्हुमॅटिक फिव्हर, म्हणजे संधिवाताचा ताप. घरचे म्हणतात, वाढीचं वय आहे, पाय दुखायचेच. सांधे बरे होतातही. हृदयाची झडप मात्र दुखावलेली राहते, आणि ताप उलटत राहिला की ती जाड होऊन आक्रसते. दाटीवाटीने राहणाऱ्यांच्या घरांत हा आजार फोफावतो. श्रीमंत देशांत राहणीमान सुधारलं, पेनिसिलिन आलं, तसा तो जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडेही १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला. तरी आजार आपल्या वस्त्यांतून गेला नाही.

तो उलटू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, वर्षानुवर्षं. ते स्वस्त आहे, पण फार दुखतं. रिअॅक्शनच्या भीतीने कित्येक दवाखाने ते द्यायलाच तयार नसतात. बापाचा रोज बुडतो. तरी मुलासाठी माणसं धावाधाव करतात. मुलीच्या बाबतीत मात्र बोभाटा होईल म्हणून हात आखडतात. लग्न ठरलं की केसपेपर ट्रंकेच्या तळाशी जातो आणि इंजेक्शन बंद होतं. सासरी ती हंडा घेऊन चढताना मध्येच थांबते, धाप लागते, तर आळशी ठरते.

मग दिवस जातात. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही, फुप्फुसांत पाणी साचतं. आडवं झालं की जीव घुसमटतो, म्हणून पोरगी रात्रभर भिंतीला टेकून बसते. तिला नेतात तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो. मरण नशिबावर ढकललं जातं. मी त्याचा ठपका माहेरावर, सासरवर आणि औषधाचा साठा संपला म्हणून तिला परत पाठवणाऱ्या यंत्रणेवर ठेवतो.

घसा दुखून ताप आला, गळ्याच्या गाठी सुजल्या, तर डॉक्टरांना दाखवा आणि औषधाचा कोर्स पुरा करा. सांधे सुजले तर हृदयाची टू-डी इको तपासणी करून घ्या. झडप अरुंद असेल तर अनेकींना ती फुग्याने रुंद करता येते. मूल होण्याआधी ते व्हायला हवं. आणि लग्नाच्या बोलणीत पत्रिकेआधी तो केसपेपर समोर ठेवा. जे घर तो वाचून उठून जाईल, त्या घरात तिचं इंजेक्शन तसंही कुणी चालू ठेवणार नव्हतं.